बुलेट पाडली आणि उचलली

माझा भाऊ सैन्यात आहे. मागच्या रजेनंतर निघताना त्याने बुलेटची चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ताई, आठवड्यातून एकदा चालू तरी करत जा. नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते." त्याने चालू करायला सांगितलं होतं, चालवायला नाही. पण चालू केलेली गाडी तशीच बंद करून खाली उतरणं मला जमेना. आधी गल्लीत, मग वडूजच्या बाहेर मोकळ्या रस्त्यावर, असं करत महिन्याभरात मी ती कामावरही न्यायला लागले.

माझं काम जनावरांचं. तालुक्यातल्या गावांत आणि वस्त्यांवर फिरून लसी टोचायच्या, आजारी जनावर बघायचं. इतकी वर्षं हे स्कूटीवर केलं. बुलेट जवळजवळ दोनशे किलोची आणि मी बावन्न किलोची. गाडी पळत असते तेव्हा हा फरक कळत नाही. थांबताना कळतो.

पहिल्यांदा ती पडली वडूजच्या एसटी स्टँडसमोर. औषधाच्या दुकानापुढे लावायला मी वळत होते, वेग माणसाच्या चालीइतका. एक आजोबा आडवे आले आणि हँडल वळलेलं असतानाच मी पुढचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी डावीकडे कलली. मी पाय टेकवला, क्षणभर पेलली असं वाटलं, आणि मग पेलेना. मी सोडून दिली आणि बाजूला झाले. फारसा आवाजही झाला नाही.

चहाच्या गाड्यावरून तिघे-चौघे धावले आणि मी हात लावायच्या आत त्यांनी गाडी उभी केली. एकजण आरशावरची धूळ पुसत म्हणाला, "बाई, ही गड्यांची गाडी हाय. तुमची स्कूटीच बरी." वाईट हेतूने बोलला नाही, काळजीनेच बोलला. मी आभार मानले. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना. पाडली मी होती, उचलली त्यांनी.

त्यानंतरही मी ती चालवत राहिले, पण रस्ता निवडून. इथे पडली तर उचलायला कुणी असेल का, हे आधी मनात यायचं. गावात न्यायचे, बाजाराला न्यायचे. आडवाटेच्या वस्तीवर जायचं असलं की स्कूटी काढायचे.

उन्हाळा संपत आला तशी मेंढ्यांना आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस द्यायची वेळ आली. एका वस्तीवर सकाळी दहाला येते असं कळवलं होतं आणि नेमकी त्याच दिवशी स्कूटी गॅरेजमध्ये होती. बर्फात ठेवलेली लस घेतली, थर्माकोलची पेटी बुलेटच्या मागे बांधली आणि निघाले. डांबरी रस्ता संपला तिथून पुढे दीड-दोन किलोमीटर मुरूम. वस्ती दिसायला लागली, तिथे वाट बांधाला वळसा घालते. वळताना जरा थांबून अंदाज घ्यावा म्हणून उजवा पाय खाली टेकवला, तो सुट्या मुरुमावरून सरकला. गाडी उजवीकडे आडवी झाली.

मला लागलं नाही. आधी चावी फिरवून इंजिन बंद केलं. पेट्रोलचा थोडा वास येत होता. पेटी सुटून पडली होती, पण झाकण चिकटपट्टीने बंद होतं, ते उघडलं नव्हतं. ती बांधाच्या सावलीत ठेवली आणि गाडीकडे वळले. वाकून दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि ओढलं. वीतभर उठली आणि पुन्हा बसली. तीनदा तेच झालं. चौथ्या वेळी पाठीत कळ आली, म्हणून थांबले. फोनला रेंज होती. वडिलांना बोलवावं असं मनात आलं, पण फोन काढला नाही.

तेवढ्यात वस्तीवरून एक बाई खाली आल्या. साठीच्या असतील. ज्या मेंढ्या टोचायच्या होत्या त्या त्यांच्याच. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"लागलं का बाई?"

"नाही मावशी. गाडी उचलली जात नाही. घरी कोणी आहे का?"

"मान्सं मेंढरं गोळा कराय वर गेल्यात, तुमी येनार म्हनून. हाक मारली तरी अर्धा तास जातोय." त्यांनी हात दाखवला. "ह्यो असा हाय, न्हाईतर मीच लावला असता."

मी पेटीकडे बघितलं. ऊन तापत होतं आणि बर्फ काही दिवसभर टिकणारा नव्हता. मावशी गाडीभोवती एक फेरी मारून आल्या.

"बसल्याली गाय उठवताना तुमी शिंगाला धरून वडता का?"

"नाही."

"मग हिला का वडताय?"

पंधरा वर्षं मी बसलेल्या गाई उठवत आले आहे. इंजेक्शन दिल्यावर तिच्या मागच्या अंगाला पाठ टेकवायची आणि पायांच्या जोरावर रेटायचं. हाताने कुणी गाय उचलत नाही. गाडी मात्र हातानेच उचलायची असते, असं मी का धरून चालले होते कुणास ठाऊक.

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, म्हणजे चाक फिरणार नाही. साईड स्टँड वरच्या बाजूला होता, तो हाताने बाहेर काढला. तो जिथे टेकेल तिथे मावशींनी पायाने एक चपटा दगड सरकवला. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवलं, गाडीकडे पाठ केली आणि सीटला टेकून खाली बसले. एका हातात हँडलची मूठ, दुसरा सीटमागच्या दांडीला.

"हाताला तान देऊ नगा. पायानं रेटा. आन् मधी थांबू नगा."

मी रेटलं. गाडी मला दिसत नव्हती, समोर नुसता माळ होता. मांड्या थरथरत होत्या. पाठीमागे काहीतरी हललं, तसं मी एकेक पाऊल मागे टाकत गेले. अर्ध्यात आल्यावर वजन एकदम कमी झालं. आता पलीकडे जाते की काय असं वाटलं, पण स्टँड दगडावर टेकला आणि गाडी उभी राहिली.

मी तिथेच खाली बसले. मावशींनी वरून तांब्याभर पाणी आणून दिलं. मग आम्ही वस्तीवर गेलो. पुरुषमाणसं मेंढरं घेऊन आली आणि सगळी टोचून झाली. त्यांच्यासमोर मावशी गाडीबद्दल काही बोलल्या नाहीत. निघताना मी का ते विचारलं, तर म्हणाल्या, "तुमी मेंढरं टोचाय आलासा. गाडीचं काय सांगायचं त्यास्नी?"

पुढचे दोन दिवस मला जेवायला मांडी घालून बसता येईना. आईला वाटलं मेंढ्या धरून धरून पाय दुखतायत. मीही तसंच राहू दिलं.

रविवारी भावाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं, स्टँडसमोरचंही.

"दुसऱ्यांदा उचलली कुणी?"

"मी. एका मावशींनी सांगितलं तशी."

"मला नाही उचलता येत एकट्याला," तो म्हणाला. "नवी असताना साताऱ्यात पेट्रोल पंपावर पाडली होती. दोघांना बोलवावं लागलं. घरी सांगितलं नाही कुणाला."

हे मला माहीत नव्हतं. मग त्याने, पाठ सीटच्या नेमक्या कुठल्या भागाला लावायची आणि पाय किती अंतरावर ठेवायचे, असं एकेक विचारलं. मी आठवून आठवून सांगत गेले आणि त्याने मधेच एकदा "थांब, परत सांग" असं म्हटलं.