एका तासाचा वायदा

अंधेरीच्या आमच्या गल्लीतला स्कूटर मेकॅनिक इंजिनाकडे न बघताच म्हणायचा, "एका तासात घेऊन जा ना!" मी मनात तीन धरायचो. ते ओळखून तो तिसऱ्या तासालाच पाना उचलायला लागला. मग मी पाच धरायला लागलो. पण बोलताना त्याचा स्वतःचा त्या एका तासावर पक्का विश्वास असायचा, त्यामुळे भांडता यायचं नाही.

एकदा गॅरेजमध्येच निरोप आला, माझ्या बायकोला कळा सुरू झाल्यात. "आज खरं सांग," मी म्हटलं. तो पहिल्यांदाच वाकला, इंजिन नीट बघितलं. "नाही होणार यार," म्हणाला आणि स्वतःच्या स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुलीची बर्फी घेऊन गेलो. माझी स्कूटर उघडीच पडलेली. "एका तासात देतो!"

मी हुश्श केलं आणि मनात सहा धरले.