कोरसमधली डावीकडून तिसरी

मी फिटर. साजगावच्या एका कारखान्यात, तार ओढायच्या मशिनींवर बत्तीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. फिटरला एक खोड असते. काही बिघडलं की तो आधी कुठला पार्ट गेलाय ते बघतो. जुना काढायचा, नवा घालायचा, हात पुसायचे. बिघाड फिटरमध्येच असेल हे त्याच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नाही.

पहिला गेला कुकर. बायको बचत गटाच्या मिटिंगला जाताना बजावून जायची, ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.’ मी पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचो. एक शिट्टी होईल तर शपथ. ती यायची तेव्हा डाळीचा कोळसा झालेला असायचा. मी कुकरची रबरी रिंग बदलली. मग शिट्टी बदलली. मग शिळफाट्यावरून नवा कुकर आणला, तर तोही मुका निघाला. ‘हल्ली काय माल बनवतात!’ मी शेजाऱ्याला म्हणालो. शेजारी माझ्याच खात्यातला ऑपरेटर, माझ्यानंतर सहा महिन्यांनी रिटायर झालेला. तो म्हणाला, ‘आमचा पन वाजत नाय रं.’ दोघांनी मिळून कुकर बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या.

मग दाराची बेल गेली, ती बदलली. मग पाखरं गेली. आमच्या घरामागच्या उंबरावर सकाळी नुसता कलकलाट असायचा, तो बंद पडला. पाखरं काही बदलता येत नाहीत, म्हणून त्याचा दोष मी एक्सप्रेस-वेला दिला. खालापुरात राहिलं की कुठलाही दोष एक्सप्रेस-वेला देता येतो, ती एक सोय आहे.

आणि बायको ओरडायला लागली. आधी ही बाई अशी नव्हती. आता साधं ‘जेवायला चला’ म्हणायचं तरी समोर येऊन, तोंडाकडे बघून, गाव गोळा करावं तसं. वय झालं की बायकांचा स्वभाव कडक होतो असं मी दोन-तीन ठिकाणी सांगितलंसुद्धा.

तिनं एकदा म्हणून बघितलं. ‘अवो, खोपोलीला जाऊन कान दाखवून या.’ मी भडकलो. असा भडकलो की दुपारी जेवलो नाही. कान दाखवून या? माझे? बत्तीस वर्षं मी कानावर जगलो. बेअरिंग जायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, पण दीडशे मशिनींच्या धडधडाटात तो ऐकणार कोण? मी. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. बाहेर जग कोसळू दे, बेअरिंगचा स्वतःचा आवाज हाडातून आत येतो. फोरमन शेजारी हात बांधून उभा राहायचा. मी दोनांतलं एक बोलायचो. ‘बंद कर’ किंवा ‘चालू दे’. माझ्या ‘चालू दे’वर अख्खी पाळी चालायची. कंपनीनं कानात घालायचे बोळे दिले होते. ते घातले की बारीक आवाज कळत नाहीत, म्हणून मी ते खिशात ठेवले. बत्तीस वर्षं खिशात ठेवले.

तर असल्या माणसाला ही म्हणे कान दाखवून या. तिनं परत विषय काढला नाही.

शेवटी गाणी बिघडली. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिनं रिटायरमेंटला चांगला हेडफोन दिला होता. त्यात सगळी गाणी गोधडीच्या आतून आल्यासारखी यायला लागली. ठेका कळायचा, पेटी कळायची, वरचं सगळं गायब. मी मोबाइलवर वाचत बसलो. जगात माझ्यासारखे बरेच दुःखी लोक आहेत असं दिसलं. त्या सगळ्यांचं मत एकच, हेडफोनला ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर लावा, आवाजात जीव येतो, ऊब येते. चला, पार्ट सापडला. मागवला.

कुरिअरवाला वस्तीत आला नाही. टोलनाक्याच्या अलीकडे थांबलोय म्हणाला, तिथं जाऊन आणला. वीटभर डबा, वर काचेच्या दोन ट्यूब, करंगळीपेक्षा जरा जाड. चालू केलं की आत बारीक तांबूस उजेड. शेजारी बघायला आला. चारी बाजूंनी बघून म्हणाला, ‘हिटर हाय का?’ गाणी ऐकायचं मशीन आहे म्हटल्यावर म्हणाला, ‘मग आवाज कुठून येतो?’ हेडफोन त्याच्या डोक्यावर घातला. त्यानं मान डोलावली. ‘एक नंबर. अगदी गोधडीतून आल्यावानी, मऊ.’ मला बरं वाटलं नाही.

ऊब मात्र खरी होती. थंडीचे दिवस होते आणि बायकोचं दही लागत नव्हतं. तिनं विरजण लावलेलं भांडं अ‍ॅम्प्लिफायरला टेकवून ठेवायला सुरुवात केली. दही घट्ट लागायला लागलं. ‘मशीन चांगलं घेतलंत,’ ती म्हणाली, आणि हे ती मनापासून म्हणाली.

आता खरं कारण सांगतो, कारण गाण्यांसाठी कोणी एवढा खटाटोप करत नाही.

ट्यूब म्हणजे आमच्या वेळचे व्हॉल्व्ह, ते माझ्या ओळखीचे होते. आमच्या समाजमंदिरात एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर होता, लोखंडी पेटी, चालू केला की मिनिटभर गरम होऊ द्यायचा, मग बोलायचा. तो चालवणारा मी. माझे वडील गायन पार्टीत मुख्य गायचे. माझं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला कर्जतच्या बाजूची एक पार्टी आली. तिचा गायक आपल्या बहिणीला कोरसला घेऊन आला होता. कोरसमध्ये पाच जणी, ही, म्हणजे आताची माझी बायको, डावीकडून तिसरी. बाकीच्या चौघी धृपद जिथं संपवायच्या तिथं ही थांबायची नाही. शेवटचा शब्द ती वर उचलायची, सगळ्यांच्या डोक्यावरून, आणि तिथं धरून ठेवायची. मी मशीनजवळ बसून ऐकलं आणि माझं काही खरं राहिलं नाही.

दोनच माईक होते. एक गायकाला, एक कोरसला. दुसऱ्या गाण्याआधी मी उठलो, माईक शिट्टी मारतोय अशी थाप मारली आणि कोरसचा स्टँड उचलून बरोब्बर तिच्या समोर, वीतभरावर ठेवला. मग मशीनला जोडलेल्या टेपचं बटण दाबलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तिलाही नाही. इतकी वर्षं झाली, आता सांगायला लाज वाटते.

लग्नानंतर ती घरात गायची. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, तोच सूर. मग केव्हातरी बंद झालं. सात-आठ वर्षं झाली असतील. घर झालं, पोरीचं शिक्षण झालं, बाईचं गाणं विझलं असं मी मनाशी धरलं, आणि ते मला सारखं टोचायचं. आपल्या घरात येऊन ती गप्प झाली. विचारायची हिंमत नव्हती. कॅसेट ट्रंकेत होती. शिळफाट्याच्या एका मोबाइलवाल्याकडून ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. तिचा तो वरचा सूर मला परत ऐकायचा होता. अ‍ॅम्प्लिफायर त्यासाठी होता.

बायको मिटिंगला गेल्यावर मी बसलो. ट्यूब तापू दिल्या. गाणं लावलं. वडिलांची पेटी आली. पाहुण्या पार्टीला पेटीची साथ तेच द्यायचे. ढोलकी आली, टाळ्या आल्या, दोन ओळींमध्ये वडील खोकले, तो खोकलाही आला. मग धृपद, मग शेवटचा शब्द. चौघी थांबल्या. पुढं काही नाही. ढोलकी एकटीच वाजत राहिली.

परत लावलं. आवाज वाढवला. परत. मोबाइलवाल्याकडे गेलो आणि त्याच्याशी भांडलो, त्यानं परत उतरवून दिलं. तेच. दोन्ही ट्यूब काढून दुसऱ्या मागवल्या. तेच. हेडफोनची वायर बदलली. तेच. पंधरा दिवस हेच चाललं होतं. मग बायकोनं विचारलं, ‘काय ऐकताय तरी काय एवढं?’

मी सांगितलं. माईकचं सोडून सगळं सांगितलं. ‘तुझा आवाजच नाही गं टेपमध्ये. चौघींचा आहे, तुझा नाही.’

तिनं पदराला हात पुसले, हेडफोन घातला आणि खुर्चीत ताठ बसली, एक्स-रे काढायला बसतात तशी. मी गाणं लावलं. धृपद आलं तशी तिची नजर माझ्याकडे आली. शेवटचा शब्द गेला. ती बघतच होती. मग तिनं हेडफोन काढला, काचेचा असल्यासारखा जपून टेबलावर ठेवला.

‘नाय आला खरा,’ ती म्हणाली. ‘माईक लांब असंल माझ्यापासून.’

आणि दही बघायला आत गेली.

माईक लांब असेल! वीतभरावर होता, मी ठेवला होता. ती खोटं बोलतेय हे जगात मला एकट्यालाच कळू शकत होतं, आणि का बोलतेय ते मलाच कळत नव्हतं. वाटलं, तिला तो आवाज नको झालाय. आमच्या घराचा राग आहे. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

रविवारी मुलगी आली. तिनं अ‍ॅम्प्लिफायर बघितला, त्याला टेकलेलं दह्याचं भांडं बघितलं, हसली, आणि हेडफोन घातला. जे लागलेलं होतं तेच सुरू झालं. मी समोर बसून नखं बघत होतो.

‘आई गं!’ ती एकदम म्हणाली. ‘आईच आहे ना ही? केवढी उंच गायची! बाकीच्या ऐकूच येत नाहीत हिच्यापुढे.’

मी म्हणालो, ‘ऐकू येते?’

‘म्हणजे काय, कान फाटतोय,’ ती म्हणाली. ‘आणि हे तर तेच गाणं, भाकऱ्या थापताना म्हणते ते.’

‘म्हणायची,’ मी म्हणालो. ‘सोडलं तिनं. सात-आठ वर्षं झाली.’

मुलीनं हेडफोन गळ्यात उतरवला. माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. ‘पप्पा,’ ती म्हणाली, ‘आत्ता म्हणतेय.’

मी ऐकलं. जीव कानात आणून ऐकलं. थाप, थाप, भाकरीचा आवाज येत होता. एक्सप्रेस-वेवरचे ट्रक येत होते. बाकी काही नव्हतं.

खोपोलीला मी नंतर गेलो. तिथल्या कान तपासणाऱ्या बाईंनी बंद खोलीत बसवलं, कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ थोडी सरळ चालते आणि मग घाट उतरते. खालचे आवाज आहेत, वरचे गेलेत, आणि गेलेले परत येत नाहीत. कुठला पार्ट बदलायचा म्हणून मी विचारलं. कानाला मशीन लावता येईल म्हणाल्या, पण पूर्वीसारखं होणार नाही. शेजाऱ्यालाही घेऊन गेलो होतो. त्याची रेघ माझ्यासारखीच निघाली, एकाच खात्याची.

पण त्या रविवारी मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती पाठमोरी होती, ओट्यापाशी, परातीत हात. खांदे थापेबरोबर हलत होते, आणि मानेची शीर मध्येच ताणली जात होती आणि तशीच राहत होती. सात-आठ वर्षं हे असं चालू होतं. ती गात होती आणि मी बाहेरच्या खोलीत बसून तिचं गाणं विझलं म्हणून हळहळत होतो. माझी मला एवढी चीड आली की काय सांगू.

मी मागून गेलो, वाकलो, आणि कानामागचं हाड तिच्या पाठीवर टेकवलं, दोन खांद्यांच्या मध्ये. दाबून.

ती दचकली. ‘अवो! काय चाललंय? पोरगी हाय घरात.’ हे मात्र ऐकू आलं, ती ओरडलीच होती.

‘माईक तुझ्यासमोर होता,’ मी म्हणालो. ‘वीतभरावर. मीच ठेवला होता.’

तिचे हात परातीत थांबले. मग तिनं काय केलं ते मला दिसलं नाही, कारण माझा चेहरा तिच्या पाठीला होता. पण पाठीत हलकी घरघर सुरू झाली. सूर नव्हता. सूर मला आता मिळणार नाही. नुसतं बारीक कंपन, हाडातून, एकसारखं, आणि शेवटच्या शब्दाला ते थांबायच्या जागी थांबलं नाही. मला रडू आलं.

‘चालू दे,’ मी म्हणालो.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. नाक माझं अजून चांगलं आहे. मी तिला सांगितलं नाही.