हौसाबाईंचं तोंड उघडण्यासाठी माणला

सांगलीच्या स्टँडवर दहिवडीची गाडी लागली, तेव्हा माझ्या पिशवीत एक बॅटरी, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या आणि कवळीची डबी एवढाच सरंजाम होता.

"आजी, तू निवृत्त झालीस ना?" पोचवायला आलेल्या नातीनं विचारलं.

झाले की. पण संगीताचा फोन आला होता. तिच्या सासूच्या, हौसाबाईंच्या, गालात पांढरा चट्टा पडून दोन महिने झाले होते, आणि त्या कुठल्याच डॉक्टरला तोंड दाखवत नव्हत्या. "दावलं तर त्या उंदीरवाल्या बाईलाच" असा हट्ट. उंदीरवाली बाई म्हणजे मी. कर्करोगाच्या संशोधनात उभा जन्म उंदरांशी संसार केला, तेव्हा नाव काही खोटं नाही.

तासगावपर्यंत खिडकीबाहेर द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड. शेजारच्या बाईंनी मूठभर बेदाणे हातावर ठेवले.

"कुठं निघालाय, आजी?"

"माणात. एका बाईचं तोंड तपासायला."

"आन तुमचं कोन तपासतंय?" माझी कवळी बेदाण्याशी झुंजताना त्यांनी पाहिली होती.

मायणीच्या पुढे हिरवा रंग संपतो. उघडा माळ, बाभळी, मेंढरं. याच रस्त्यानं मी तरुणपणी पहिल्यांदा आले होते. जाड चष्मा, कडक इस्त्रीची साडी, बगलेत छापील अर्जांचा गठ्ठा. आमच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत तेव्हा बाई अशी मी एकटीच. मान इतकी ताठ, की पायाखालचं शेण दिसायचं नाही. "तंबाखू खाता का?" मी गावभर विचारलं. सगळ्या बायका "न्हाई" म्हणाल्या. मी आनंदानं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सगळ्या आपापल्या उंबऱ्यावर बसून काळं बोट दातांवर फिरवत होत्या.

"ही व्हय? ही मिसरी," हौसाबाई म्हणाल्या. "तंबाखू गडी मानसं खात्यात."

मिसरी (भाजून कुटलेली तंबाखू, मुंबईत मशेरी म्हणतात) बायकांच्या लेखी दंतमंजन होती. माझे अर्ज त्यांच्या चुलीत गेले. मग बायकांचा विश्वास बसावा म्हणून मी स्वतःच मिसरीचं एक बोट दातांना लावलं आणि गरगरून थेट शेळ्यांच्या गोठ्यात आडवी झाले. हौसाबाईंनी काखेत हात घालून बाहेर काढलं. पुढं काही वर्षांनी उंदरांवर मिसरीचा काय परिणाम झाला ते सांगायला मी पुन्हा गेले, तेव्हा साऱ्या गावादेखत त्यांनी आपली मिसरीची डबी विहिरीत फेकली. तेव्हापासून घरोघर जाऊन मिसरी सोडा म्हणून सांगणारी बाई म्हणजे हौसाबाई.

घरी पोचल्यावर संगीतानं माडगं (हुलग्याच्या पिठाची गरम पेज) दिलं. हौसाबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या.

"बरं झालंय आता."

"मग दाखवायला काय हरकत?"

"नगं. आन ही पोरगी हितं नगं."

संगीता बाहेर गेली. हौसाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाई, हिरीत टाकली ती डबी रिकामी हुती. भरल्याली गोठ्यात हाय. सारा गाव मला मानतोय. आता सुनंला काय त्वांड दावू?"

मला हसू आलं. मग लाज वाटली. जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगावं लागलं.

"हौसाबाई, मी शेळ्यांत पडले ना, त्यानंतर मुंबईला जाताना एक पुडी बरोबर नेली. दोन वर्षं. सकाळी स्वतःच्या दातांना, दिवसा उंदरांच्या कातडीला. पुडी पिंजऱ्याखाली ठेवायची. उंदरांना गाठी यायला लागल्या, तेव्हा घाबरून सोडली."

"उंदराला गाठ आल्यावर कळलं व्हय? लय शिकल्याली म्हनं." आणि त्या खो-खो हसल्या. तोंड सताड उघडलं. मी लगेच बॅटरी आत धरली.

चट्ट्याच्या मधोमध लाल ठिपका होता. बोटाला कड टणक लागली. माझं हसू थांबलं.

"उद्या सांगलीला."

"संगीताला सांगू नगा."

"मला कवाचं ठावं हाय, आत्या," दाराआडून आवाज आला. "गोठा मीच झाडती की."

सांगलीत तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण व्हायच्या बेतात होता. चट्टा कापून काढला, आणि टाके सुकेपर्यंत हौसाबाई माझ्याकडे राहिल्या. गोठ्यातली डबी संगीतानं चुलीत घातल्याचं फोनवर कळलं. पहिले चार दिवस हौसाबाई मिसरीवाचून माझ्यावर खेकसत होत्या.

मग मीच त्यांना पोचवायला निघाले. विटा सुटलं आणि गाल अजून सुजलेला असताना त्यांनी गाडीभर माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली. पुडी, पिंजरा, शेळ्या, सगळं. स्वतःची रिकामी डबी तेवढी वगळली. लोक हसले. मग मागच्या सीटवरची एक बाई उठून आली आणि हळूच म्हणाली, "आवं, माझ्याबी गालात बघता का जरा?" मायणी येईपर्यंत तीन बायका आ करून बसल्या होत्या, आणि गाडीच्या हिसक्यांत मी एकेकीच्या तोंडात डोकावत होते. त्यांतल्या एकीला सांगलीला यायला सांगितलं. ती येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एकटी परतताना मोजत बसले की आजवर किती व्याख्यानं दिली, किती शोधनिबंध लिहिले. नेमकी ही माझ्या पुडीची गोष्ट मी प्रत्येक वेळी गाळत आले होते.