घोडा सोडला तरी

मुरबाडच्या कारखान्यात आम्ही दोघी एका टेबलावर. मी पार्ट धरायचे, ताई हवेच्या गनने स्क्रू आवळायची. ताई सिद्धगडाखालच्या गावची, माझ्याहून थोरली. दोघीही टेंपररी.

थंडीतल्या एका सकाळी नळी जोडली आणि गन सूं सूं करू लागली. घोडा दाबलेला नसताना! सुपरवायझर ताईवर तडकला, "काल हातातनं पाडलीस ना? कामाच्या भोंग्याआधी ही सूं सूं बंद झाली नाही, तर घरी जायचं." दहा मिनिटं होती. ताईचे ओठ पांढरे पडले. मला त्याचा असा संताप आला! म्हटलं, थांबा, मी बघते.

साबणाचा फेस करून नळीच्या जोडाला लावला. एक बुडबुडा नाही. गनच्या अंगाला लावला, कुठे चीर नाही. मग हवा जिथून बाहेर पडते त्या भोकाशी गाल नेला. गार झोत! म्हणजे घोड्याखालची पिन बसत नव्हती, आतून वाट उघडीच राहत होती. नळी काढली, स्क्रू सोडला, पिन ओढली.

पिनेला पांढरं, घट्ट काहीतरी चिकटलेलं. नाकाशी नेलं. खोबरेल! गनला तेल घालायचं काम माझं. काल मशीनच्या तेलाचा डबा रिकामा, स्टोअरपर्यंत कोण जाणार, म्हणून जेवणाच्या डब्यातली, भाकरीशेजारची केसांच्या तेलाची बाटली काढून चार थेंब सोडले होते. रात्री ते गोठलं. त्याच सकाळी घरी बाटली चुलीशी धरून, तेल वितळवून वेणी घातली होती मी, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही!

ताईलाही वास आला. तिने माझ्या वेणीकडे बघितलं. "पूस गो पटकन," ती पुटपुटली, "गप ऱ्हा. माझं काय व्हायचं ते होव दे."

पिन पुसून, मशीनचं तेल लावून बसवली. नळी जोडली. सूं सूं बंद.

"काय निघालं?" सुपरवायझर मागे उभा होता. "पाडल्यामुळेच ना?"

ताईने गन स्वतःकडे ओढली.

"नाय," मी म्हटलं. "माझं खोबरेल."

ताईऐवजी मला घरी धाडलं. खरं बोलले म्हणून बरं वगैरे काही वाटलं नाही. गेटवर जेवणाचा डबा छातीशी धरून उभी राहिले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. तेवढ्यात भोंगा झाला. आत ताईने पहिला स्क्रू आवळला असेल, घोडा सोडला असेल, आणि गन गप्प झाली असेल.