कुवेतहून आणलेल्या शेवया

सुनेनं सोया सॉसची बाटली उघडली आणि त्या खारट वासानं मी कमलनगरच्या आमच्या जुन्या चुलीपुढं जाऊन बसले.

तेव्हा मी कुवेतला दवाखान्यात नर्स होते. खोलीतली सोबतीण लिता फिलिपिन्सची. तिच्याकडून मी पान्सित शिकले. तांदळाच्या बारीक शेवया, त्यात कोंबडी, कोबी, गाजर. एका सुट्टीला शेवया आणि सॉस पेटीत घालून आणले. माझा अजय सात वर्षांचा झाला होता. रांगत होता तेव्हाच त्याला सासूबाईंकडं ठेवून गेले होते, आणि आता तो माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता.

त्या दुपारी कढईतून वाफ निघाली तसा तो हळूहळू जवळ सरकला. "मला दे की," म्हणाला. पहिल्यांदाच माझ्याकडं काही मागत होता. मी ताटली भरून पुढं केली.

सासूबाईंनी त्याचा हात धरला. "खाऊ नगस. गांडुळं हायत ती!" ताटली उचलून त्यांनी अंगणात कुत्र्यापुढं ओतली. कुत्रं चाटूनपुसून खायला लागलं. "बघ, कुणाचं जेवण हाय ते," त्या म्हणाल्या, आणि अजय खदाखदा हसला.

आज मीही नातू सांभाळते. तेव्हा अजयनं माझ्यापुढं हात पसरला, तेच सासूबाईंना सोसलं नाही, हे आता कळतं. कळलं तरी राग जात नाही.

त्यानंतरच्या सुट्टीला मी घरी आले, तेव्हा अजयनं दारातच विचारलं, "तुम्ही वापस कवा जाणार?"