साहेबांना झोप लागली
जहाजांच्या आतली मांडणी आखणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि तो मी घोलवडच्या चिकूवाडीत बसून करते, याचं आमच्या नातेवाइकांना अजून हसू येतं. मुंबईतल्या एका खासगी कंपनीसाठी मी घरून काम करते. माडीवर माझे दोन स्क्रीन आणि खाली अंगणात चिकू निवडायला बसलेल्या बायका.

मध्यंतरी आमच्याकडे एका चिमुकल्या परदेशी नौदलाचं काम आलं. त्यांच्याकडे टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या, वेगवान बोटी आहेत. इंजिन, इंधन आणि शस्त्रं भरून झाली की अशा बोटीत माणसांसाठी एखाद्या कपाटाएवढी जागा उरते. अंघोळ नाही, धड स्वयंपाक नाही. म्हणून त्यांच्या मदतीला एक मोठं जहाज ठेवतात. बोटी त्याला येऊन लागतात, डिझेल-पाणी आणि नवे टॉर्पेडो घेतात, दुरुस्ती करून घेतात आणि माणसं वर चढून अंघोळ करतात, गरम जेवतात, पाय पसरून झोपतात. त्या बोटींचं माहेरच म्हणा ना. हे जहाज आम्ही आखायचं होतं.

बोटींवरच्या माणसांसाठी मी त्यात बिछान्यांची एक लांब खोली आणि शेजारी न्हाणीघरं काढली. पहिल्याच बैठकीत आमच्या साहेबांचं बोट नेमकं त्या खोलीवर आलं. तिथे त्यांना पाहुण्यांसाठी हॉल हवा होता. बडे अधिकारी येतील, मंत्री येतील, त्यांना बसवायचं कुठे?

“आणि या लोकांना आपापल्या बोटीत बंक आहेतच की, मॅडम,” ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. ज्या कामासाठी जहाज बांधायचं, तेच त्यातून काढून टाकायचं आणि वर झुंबर टांगायचं. पण निर्णय पुढच्या बैठकीत होणार होता, म्हणून मी जीभ आवरली.

थंडीत साहेब बायकोला घेऊन डहाणूला फिरायला येणार होते. मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आमच्याकडे घर बांधायचं ठरलं की आधी जमिनीवर चुन्याची फक्की मारतात आणि घरातली माणसं त्या पांढऱ्या रेघांमधून फिरून बघतात. कुणी म्हणतं देवघर इकडे नको, कुणी म्हणतं मोरी लांब पडते. भिंती उभ्या राहायच्या आधी भांडून घ्यायची ही चांगली सोय आहे. मी झाडांखालच्या मोकळ्या जागेत बोटीची राहायची जागा खऱ्या मापात आखली. एकावर एक येणारे बंक शेजारी शेजारी काढावे लागले, तरी एकेकाची रुंदी बघून बाबा म्हणाले, “यात कूस कशी बदलायची?” मला तेच साहेबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

साहेब आले. तलासरीकडून हायवेवरून आणलेलं, मडक्यात भाजलेल्या कंद-शेंगांचं गरम उंबाडियू त्यांनी मनापासून हाणलं, वर आईच्या हातची खीर घेतली. मग मी त्यांना रेघांपाशी नेलं आणि म्हटलं, “सर, जरा पडून बघा.” ते हसत हसत आडवे झाले. आईला राहवेना. तिने खाली चटई घातली, डोक्याखाली उशी दिली. बाबांनी पंप बंद केला. चिकू निवडणाऱ्या बायकांना आईने खुणेने गप्प केलं. आणि साहेब चक्क घोरायला लागले.

उठल्यावर त्यांना तोंड धुवायला गरम पाणी मिळालं, गवती चहा घातलेला चहा मिळाला. “छान झोप लागली हो,” ते म्हणाले. मी वेडी, मला वाटलं थट्टा करताहेत.

पुढच्या बैठकीत परदेशी पाहुण्यांसमोर साहेबांनी सांगितलं, “मी स्वतः त्या मापाच्या जागेत झोपून बघितलंय. उत्तम झोप लागते.” सगळे हसले आणि माझ्या खोलीवर काट मारली गेली.

मी उभी राहिले. रागाने माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज नव्हती. “सर, तुम्हाला झोप लागली ती आमच्या घरात. पोट भरलेलं होतं, उशी होती, तुमची झोप मोडू नये म्हणून माझ्या म्हाताऱ्या आईने अख्खी वाडी गप्प केली होती. तुमच्याखालची जमीन हलत नव्हती. हे सगळं त्या माणसांना मिळावं, एवढ्यासाठीच ती खोली आहे.”

“मॅडम, जहाज भावनेवर चालत नाही.”

“झुंबरावरही चालत नाही,” मी म्हटलं.

या वेळी कुणी हसलं नाही, पण काटही कुणी खोडली नाही. पाहुण्यांतले बडे अधिकारी हॉलच्या खिडक्या किती मोठ्या ठेवायच्या ते बोलू लागले. त्या नकाशावर सही करायला मी नकार दिला. दुसऱ्याने केली.

आता ते जहाज बांधायला घेतलंय. टॉर्पेडो ठेवायची खोलीही मीच आखली होती. त्यांना ओल लागू नये, उष्णता सोसावी लागू नये, धक्का बसू नये म्हणून तिथे रात्रंदिवस एसी आहे, प्रत्येकाला मऊ पट्ट्यांचा स्वतंत्र पाळणा आहे. हॉलसाठी जागा कमी पडत होती तेव्हासुद्धा त्या खोलीतला एक इंच कुणी मागितला नाही.