दारवर येणारे कुठे बसतील?

फोन आला तेव्हा मी कळसाडीला आमच्या नव्या घराच्या भिंतींवर पाणी मारत होते. ज्योतीताईचा भाऊ बोलत होता. "ताई गयी," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कोठे गयी?" पाइपातलं पाणी माझ्या पायांवर पडत राहिलं. आदल्याच आठवड्यात ती याच भिंतींमधून फिरून गेली होती, खिडकी जरा खाली घ्या म्हणून मिस्तरीशी भांडली होती. सकाळी चहा ठेवायला उठली, कोसळली, आणि संपलं. महिना होत आला, पण ते दोन शब्द माझ्या डोक्यात अजून शिरलेले नाहीत.

ज्योतीताई आईच्या मावसबहिणीची मुलगी, नंदुरबारला आर्किटेक्ट. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि ते शिक्षण तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये झालं. ती, तिची आई म्हणजे माझी मावशी, आणि मी. भाजी निवडता निवडता ती मला घरं समजावून सांगायची. घर कसं दिसतं हे तिच्या लेखी शेवटी यायचं. आधी पाहुणा चप्पल कुठे काढेल, रुसलेलं माणूस कुठे जाऊन बसेल, अंगणात मिरच्या वाळत पडल्या की खकाण्यापासून लांब खाट उचलून कुठल्या खोलीत न्यायची... "वास्तुशांतीच्या दिवशी सगळीच घरं छान दिसतात," ती म्हणायची, "घर ओळखायचं वाईट दिवशी." स्वतःचं घर मात्र ती सगळ्यांत शेवटी बांधणार होती.

आमच्याकडे कोणी वारलं की नातलग आणि गाव त्या घरी येऊन बसतं. त्याला दारवर जाणं म्हणतात. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी ज्योतीताई प्रत्येक घरमालकाला विचारायचीच, "दारवर येणारे कुठे बसतील?" काही जण तिथूनच उठून दुसऱ्या आर्किटेक्टकडे गेले. नव्या घराच्या बोलण्यात असलं अभद्र कोणाला चालणार? तिने माझ्या वडिलांना, आप्पांनाही विचारलं. आईचा हात चहा ओतता ओतता थांबला.

"माय, आजून पाया खंदायना नही," आप्पा म्हणाले, "आन् तू मन्ही मयत काढी ऱ्हायनी?"

"तुमनी नही आप्पा. मन्हीच समजा."

"तुन्हा दारवर ऊनूत ते आम्हले जिनावर बसाडशी का?"

दुसऱ्या मजल्यावर राहणारीच्या दारवर आलेल्यांना जिन्यात बसावं लागेल, या टोमण्यावर सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. आप्पांना रस्त्याच्या बाजूला उंच कंपाउंड हवं होतं. तिने कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याला लागून, छपराखाली लांब ओटा काढला होता. कोणीही येऊन बसावं असा. आप्पांनी तो रद्द करायला लावला. ती हो म्हणाली, पण नकाशावरून ओटा काही खोडला नाही.

आम्ही तिच्या दारवर गेलो तेव्हा फ्लॅटमध्ये बायका दाटीने बसल्या होत्या. पुरुषांना जागाच नव्हती. आप्पा जिन्यात बसले. गुडघे दुखतात म्हणून पाय खालच्या पायरीवर सोडून, कठड्याला धरून. वरचे भाडेकरू जाता-येता "जरा सरका" म्हणत, आणि सगळी माणसं उठून भिंतीला चिकटत. आप्पांनी एकदा वर, माझ्याकडे पाहिलं. आपण काय बोललो होतो ते त्यांना आठवलं होतं. मला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही... परतीच्या वाटेवर शहादा मागे पडल्यावर आप्पा म्हणाले, "मिस्तरीले सांग, ओटा पाहिजे."

मिस्तरीने नकाशा उलगडला. ओट्याची लांबी होती, रुंदी होती, उंचीच नव्हती. ती ज्योतीताई कधी लिहायचीच नाही. सुट्या विटा रचून त्यावर घरातलं सगळ्यांत बुटकं माणूस बसवायची आणि खाली वाकून बघायची. "दारवर आलेल्या माणसाचे पाय लोंबकळायला नकोत," म्हणायची. मिस्तरीला हे माहीत होतं. त्याने विटा रचल्या आणि आईला बोलावलं. आई बसली. तिच्या टाचा अधांतरी होत्या. एक थर काढला. आप्पा ज्योतीताईसारखेच वाकले.

"टेकनात का?"

"टेकनात," टाचा जमिनीवर दाबत आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मिस्तरीने उंची मोजून घेतली, तरी ती उठली नाही. थोड्या वेळाने आप्पा तिच्या शेजारी जाऊन बसले, आणि मग मीही.